शौचातून रक्त ते कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट: मोठ्या आतड्याची तपासणी कुठल्या क्रमाने करायची

रक्त दिसलं की मूळव्याध, आव पडली की अमीबा, थकवा आला की लोहाच्या गोळ्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान महिनोन्‌महिने लांबतं, ते बरेचदा यांपैकी एका उत्तरावर सगळं घर समाधान मानतं म्हणून. उत्तर चूकच असतं असं नाही, मूळव्याध असतेही. पण ते तपासून कुणी घेतलेलं नसतं.

दुसरा घोळ कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहण्याच्या तपासणीच्या, आधीच्या दोन दिवसांत होतो. पोट नीट साफ न झाल्यामुळे तपासणी अर्धवट सोडावी लागते, पैसे आणि रजा वाया जातात, आणि दुसऱ्यांदा यायचं बहुतेकांच्या जिवावर येतं. या दोन जागांवर लेखात जास्त वेळ थांबू.

आधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला काही लक्षण आहे की नाही? लक्षण असेल तर टप्पा 1 आणि 2 वाचा, नंतर थेट 4 वर जा. काहीच त्रास नाही पण वय झालंय किंवा घरात कुणाला हा आजार झालाय, तर टप्पा 3 पासून सुरुवात करा. या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या की चुकीची तपासणी होते आणि खोटा दिलासा मिळतो.

## टप्पा 1: लक्षणं पाहा आणि लिहून ठेवा

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. उजव्या कुशीत खाली सुरू होतं, वर जातं, पोटावरून आडवं डावीकडे येतं, खाली उतरतं आणि गुदाशयात संपतं. गाठ यात कुठे आहे, त्यावर लक्षणं ठरतात.

उजव्या बाजूला आतडं ऐसपैस आणि मल पातळ असतो. गाठ बरीच वाढली तरी काही अडत नाही. रक्त हळूहळू झिरपतं, मलात मिसळतं, डोळ्यांना दिसत नाही. माणूस फक्त थकतो, जिना चढताना धाप लागते, चेहरा पांढुरका दिसतो. पोटाची तक्रार एकही नसते, म्हणून पोटाकडे कुणी पाहत नाही.

डाव्या बाजूला मल घट्ट झालेला असतो आणि आतड्याची पोकळी अरुंद असते. इथे सवय बदलते: चार दिवस बद्धकोष्ठ, मग दोन दिवस पातळ, पुन्हा बद्धकोष्ठ. पोटात कळ येते, गुबारा धरतो, मल पूर्वीपेक्षा बारीक होतो.

गुदाशयातली गाठ ताजं रक्त आणि आव दाखवते. शौचाला जाऊन आल्यावर पाच मिनिटांत पुन्हा जावंसं वाटतं, कुंथूनही नुसती आव पडते, पोट साफ झालं असं वाटतच नाही. आपल्याकडे हा त्रास सर्रास ‘आव झाली’ म्हणून ओळखला जातो आणि त्याच गोळ्यांचा कोर्स तीनतीनदा होतो. एका कोर्सने थांबलं नाही, तर दुसरा कोर्स सुरू करण्याआधी तपासणी मागा.

आता मूळव्याधीचं. मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं, शौचाच्या शेवटी थेंब टपकतात किंवा पिचकारी उडते, दुखत नाही. फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, असेल तर चाकूने कापल्यासारखं दुखतं. कर्करोगाचं रक्त बरेचदा मलात मिसळलेलं, काहीसं गडद, आवेसकट असतं. हे फरक डॉक्टरांना सांगण्यापुरते उपयोगी आहेत, घरबसल्या निदान करण्याइतके पक्के नाहीत. गुदाशयातल्या गाठीचं रक्तही लालभडक असू शकतं. आणि वीस वर्षं मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोग होत नाही, असा काही नियम नाही.

दोन आठवडे एका वहीत किंवा मोबाईलवर एवढं टिपा:

- तारीख, दिवसातून किती वेळा शौचाला गेलात, घट्ट की पातळ
- रक्त: मलावर, मलात मिसळलेलं की नंतर टपकलेलं
- आव, कळ, रात्री झोपेतून उठून जावं लागलं का
- आठवड्यातून एकदा वजन, त्याच काट्यावर

पाणी ओतण्याआधी एकदा खाली बघा. किळस वाटते, पण हीच नजर कामाला येते. मोबाईलवर फोटो काढून दाखवला तर डॉक्टरांना त्यात वावगं वाटत नाही. फक्त आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल तर मल लाल दिसतो आणि लोहाच्या गोळ्यांनी काळा पडतो, हे लक्षात ठेवा.

इशारा: दोन आठवड्यांची नोंद ही सवयीतल्या बदलासाठी आहे. रक्त एकाहून अधिक वेळा दिसलं, वजन प्रयत्न न करता उतरतंय किंवा हिमोग्लोबिन कमी आलंय, तर नोंद चालू ठेवूनच डॉक्टरांची वेळ घ्या. वय तिशीचं आहे म्हणून अंगावर काढू नका. भारतात पन्नाशीच्या आतले रुग्णही नेहमी दिसतात.

त्याच दिवशी रुग्णालय गाठा: पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि गॅसही सरत नाही, भरपूर रक्त जाऊन चक्कर येतेय, पोट दगडासारखं कडक झालंय. अशा वेळी जुलाबाचं औषध किंवा एरंडेल अजिबात देऊ नका. आतडं अडलेलं असेल तर ते फुटू शकतं.

## टप्पा 2: पहिल्या भेटीत काय सांगायचं, काय करून घ्यायचं

‘पोट साफ होत नाही’ या वाक्याने सुरुवात केली की बहुतेक ठिकाणी जुलाबाचं औषध मिळतं. त्याऐवजी थेट सांगा: ‘डॉक्टर, तीन आठवडे शौचातून रक्त जातंय, आवही पडते, वजन उतरलंय.’ घरात कुणाला आतड्याचा, गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा. गर्भाशयाचा आणि आतड्याचा संबंध काय, असं वाटेल. पण लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषात हे कर्करोग एकाच घराण्यात फिरतात.

मग तीन गोष्टी व्हायला हव्यात.

पहिली, गुदद्वारातून बोटाने तपासणी. एक मिनिटही लागत नाही, खर्च नाही, आणि गुदाशयातल्या खालच्या गाठी बोटाला लागतात. लाजेपोटी रुग्ण टाळतो आणि गर्दीच्या वेळी डॉक्टरही आग्रह धरत नाहीत. तुम्हीच विचारा. बाईमाणसाला संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टर मागण्यात काहीच गैर नाही. बोटाने न तपासता मूळव्याधीचं मलम लिहून दिलं असेल, तर निदान अजून झालेलं नाही असं समजा. ‘बिनऑपरेशन मूळव्याध’ अशा पाट्यांखाली इंजेक्शन घेऊन आलेल्यांनी तर हे जरूर विचारावं.

दुसरी, रक्ताची सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन. पुरुषात हिमोग्लोबिन 13 च्या खाली आणि बाईत 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. फेरिटिन कमी असेल तर शरीरातला लोहाचा साठा संपलाय, आणि तो कुठून गळतोय हे शोधायला हवं. पाळी येणाऱ्या स्त्रीत कारण पाळी असू शकतं. पण पाळी थांबलेल्या बाईत किंवा कुठल्याही वयाच्या पुरुषात लोह कमी निघालं, तर नुसत्या गोळ्या देऊन विषय बंद करायचा नसतो. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर येतं, सगळे खूश होतात, आणि गळती मात्र चालूच असते.

तिसरी, कोलोनोस्कोपीची चिठ्ठी, किंवा ती आत्ता का नको याचं स्पष्ट उत्तर.

या रिपोर्टांवर निर्धास्त होऊ नका:

पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आतडं नॉर्मल, असं नसतं. सोनोग्राफी यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड छान दाखवते. आतड्यातल्या हवेपुढे तिचं फारसं चालत नाही.

सीईए ही रक्तातली खूण निदानासाठी नाही. लहान गाठ असताना ती नॉर्मल असू शकते आणि धूम्रपान करणाऱ्यात उगाच वाढलेली दिसू शकते. आरोग्य तपासणीच्या पॅकेजात ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून ती विकली जाते, आणि माझ्या मते हे पैसे सरळ पाण्यात जातात. कर्करोग सापडल्यानंतर उपचारांचा परिणाम पाहायला मात्र ती उपयोगी पडते.

## टप्पा 3: लक्षण नसेल तर कधी आणि कोणती तपासणी

आतड्यातला कर्करोग बहुतेकदा पॉलिपपासून सुरू होतो. पॉलिप म्हणजे अस्तरावर आलेला छोटा मांसल उंचवटा. त्याचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि त्या मुदतीत तो काढून टाकला तर कर्करोग होतच नाही. स्क्रीनिंगचा, म्हणजे लक्षण नसताना केलेल्या तपासणीचा, सगळा आधार हाच आहे.

भारतात सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी होते. आतड्याची होत नाही, म्हणून घरी निरोप येईल अशी वाट पाहू नका. अमेरिकेत 45 ते 75 या वयात सर्वांना तपासणी सुचवतात. इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी पोस्टाने तपासणीचं पाकीट येतं. तिकडे राहणाऱ्यांनी ते पाकीट फ्रिजवर ठेवून विसरू नये. आपल्याकडे हा आजार त्या देशांपेक्षा कमी आहे, म्हणून सरसकट सगळ्यांना कोलोनोस्कोपी करा असं मी म्हणणार नाही. पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून किमान मलाची फिट तपासणी करावी, हा मधला मार्ग मला पटतो.

जोखीम जास्त असेल तर मात्र मधला मार्ग नाही:

- आईवडील, सख्खी भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर वयाच्या 40 व्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाचं निदान झालं त्याच्या 10 वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी. भावाला 44 व्या वर्षी निघाला असेल तर तुमची 34 व्या वर्षी.
- अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज येऊन व्रण पडण्याचा आजार) होऊन 8 वर्षं झाली असतील तर त्रास असो-नसो, कोलोनोस्कोपी.
- घराण्यात लिंच सिंड्रोम असेल तर विशी-पंचविशीपासूनच, दर एक-दोन वर्षांनी.

### फिट तपासणी करताना

फिट तपासणी मलातलं डोळ्यांना न दिसणारं मानवी रक्त शोधते. खाण्यापिण्याचं पथ्य नाही. लॅबमध्ये नुसतं ‘ऑकल्ट ब्लड’ म्हटलं तर काही ठिकाणी जुन्या पद्धतीची तपासणी होते. तिच्यात तीन दिवस मटण आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. म्हणून ‘फिट आहे की जुनी पद्धत?’ हे काउंटरवरच विचारा.

1. पाळीचे दिवस, लघवीतून रक्त जाण्याचे दिवस किंवा मूळव्याधीतून उघड रक्त जाण्याचे दिवस टाळा.
2. भांड्यातल्या पाण्याला न लागलेला नमुना हवा. भारतीय पद्धतीच्या संडासात कागद अंथरून किंवा स्वच्छ, कोरड्या डब्यात मल घ्या.
3. डबीच्या झाकणाला काडी असते. ती मलात चार-पाच ठिकाणी टोचा. काडीच्या खाचा भरल्या की पुरे. जास्त मल भरला की तपासणी बिघडते.
4. झाकण घट्ट लावून नाव आणि तारीख घाला. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत न ठेवता शक्यतो त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा.

सर्वांत मोठी चूक: फिट पॉझिटिव्ह आली की लोक दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा फिट करतात, ती निगेटिव्ह येते आणि पेढे वाटले जातात. गाठीतून रोज रक्त येतंच असं नाही. एकदा पॉझिटिव्ह म्हणजे कोलोनोस्कोपी, पुन्हा फिट नाही. आणि निगेटिव्ह आली तर ती पुढच्या वर्षी परत करायची असते. लक्षणं असणाऱ्याने निगेटिव्ह फिटवर भरवसा ठेवून घरी बसू नये.

## टप्पा 4: कोलोनोस्कोपीच्या आठवडाभर आधी

तारीख घेताना काउंटरवर औषधांची पूर्ण यादी द्या. ‘बीपीची एक पांढरी गोळी’ असं सांगून चालत नाही, पाकिटं सोबत न्या.

लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी मल काळा आणि चिकट होतो. इसबगोल बंद करा. पोट साफ राहावं म्हणून लोक याच आठवड्यात ते वाढवतात आणि आतड्याला चिकटलेला तो लगदा धुतला जात नाही.

रक्त पातळ करणारी औषधं, म्हणजे क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अपिक्सबान वगैरे, स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका. नुकताच स्टेंट बसवलेल्या माणसाने गोळी थांबवणं कर्करोगाच्या संशयापेक्षा धोक्याचं ठरू शकतं. हृदयाचे डॉक्टर आणि कोलोनोस्कोपी करणारे डॉक्टर यांनी मिळून ठरवायची ती गोष्ट आहे. लेखी मागा.

मधुमेह असेल तर सकाळची वेळ मागा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या सहसा तीन दिवस आधी थांबवतात. इन्सुलिनचा डोस किती कमी करायचा, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. वजन उतरवण्याची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं घेत असाल तर भूल देणाऱ्यांना ते कळायलाच हवं.

मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर पोट साफ करायचं कोणतं औषध देणार, हे विचारा. फॉस्फेटची छोटी बाटली प्यायला सोपी असते, पण अशक्त मूत्रपिंडाला ती घातक ठरू शकते. अशांना सहसा पीईजीची, पाण्यात मिसळून प्यायची पावडर देतात.

तपासून पाहा: औषधांचा कागद हातात आहे का? सोबत येणारा माणूस ठरलाय का? पॉलिप सापडला तर त्याच वेळी काढणार का आणि त्याचा खर्च वेगळा का, हे विचारलंत का?

## टप्पा 5: दोन-तीन दिवस आधीचं जेवण

नियम एकच: ज्याचा चोथा, साल किंवा बी उरते ते बंद. आपल्या स्वयंपाकात हे कुठे लपलेलं असतं ते पाहा.

बंद: ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, गवार, भेंडी, वांगं, टोमॅटो, मटकी-चवळीची उसळ, शेंगदाण्याचं कूट, तीळ, जवस, खसखस, ओलं-सुकं खोबरं, पेरू, डाळिंब, सीताफळ, काकडीची कोशिंबीर, लोणचं. पोह्यांवरची कोथिंबीर आणि खोबरंसुद्धा.

चालेल: पांढरा मऊ भात, मुगाच्या डाळीचं गाळलेलं वरण, दही, भाज्या न घातलेला रव्याचा उपमा, इडली, साधा पाव, सोललेला उकडलेला बटाटा, अंडं, वाफवलेली मासळी.

आता काउंटरवर नेहमी घडणारा संवाद:

‘मावशी, काल काय खाल्लंत?’
‘काहीच नाही हो ताई, उपवासाचंच घेतलं.’

उपवासाचं म्हणजे शेंगदाण्याच्या कुटातली साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचा लाडू. आपल्या मनात उपवास म्हणजे हलकं खाणं, पण आतड्याच्या हिशेबात शेंगदाणा आणि राजगिरा हे बाजरीच्या रांगेतलेच. एकादशी किंवा नवरात्र मध्ये येत असेल तर तारीख पुढे-मागे करून घ्या.

## टप्पा 6: आदला दिवस आणि पोट साफ करायचं औषध

या दिवशी किती खायचं हे रुग्णालयागणिक थोडं बदलतं. काही ठिकाणी सकाळी हलका नाश्ता चालतो, काही ठिकाणी दिवसभर फक्त आरपार दिसणारं पेय. तुमच्या कागदावर जे लिहिलंय तेच पाळा, शेजारच्या काकांना काय सांगितलं होतं ते नको.

आरपार म्हणजे काय? ग्लासमागे धरलेलं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. पाणी, शहाळ्याचं पाणी (मलई नको), गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, भाताच्या पेजेचं वस्त्रगाळ पाणी, डाळीवरचं गाळलेलं निवळ पाणी चालतं. ताक चालत नाही. ‘चहात दोनच चमचे दूध’ हेही नाही. कोकणात आणि गोव्यात सोलकढी हमखास आड येते: तिच्यात नारळाचं दूध आहे आणि रंगही लाल. कोकम सरबत, बिटाचा रस, लाल किंवा जांभळं जेली-सरबत टाळा, आत तो रंग रक्तासारखा दिसतो.

औषध दोन हप्त्यांत घेणं सगळ्यांत चांगलं. सगळं आदल्या संध्याकाळीच पिऊन टाकलं तर रात्रभरात लहान आतड्यातून उतरलेला पिवळा स्राव उजव्या बाजूवर थर धरतो, आणि नेमक्या त्या बाजूच्या चपट्या गाठी झाकल्या जातात. दुसरा हप्ता तपासणीच्या 4 ते 6 तास आधी सुरू करून किमान 2 तास आधी संपवायचा. सकाळी 11 ची वेळ असेल आणि दोन लिटर पीईजी प्यायचं असेल, तर असं होईल:

1. आदल्या दिवशी संध्याकाळी 6 वाजता पहिला लिटर. दर 10-15 मिनिटांनी एक ग्लास, घोट-घोट न रेंगाळता.
2. त्यानंतर दोन-तीन ग्लास साधं पाणी किंवा लिंबू सरबत.
3. पहाटे 5 वाजता दुसरा लिटर, साडेसहापर्यंत संपवा.
4. नंतर 9 पर्यंत थोडं थोडं पाणी. मग तोंडात काही नाही, पाण्याचा घोटही नाही. तंबाखू, सुपारी, च्युइंगगमही नाही.

पहाटे उठणं नकोसं वाटतं म्हणून बरेच जण दुसरा हप्ता रात्रीच घेतात. तसं करायचं असेल तर दुपारची वेळ मागून घ्या, ते बरं.

चव खारट, बुळबुळीत लागते. थंड करून स्ट्रॉने प्यायलं तर उतरतं. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करा. दोनदा उलटी झाली तर रुग्णालयात फोन करा, उरलेलं ओतून देऊ नका. एरंडेल, चूर्ण, काढा हे या औषधाऐवजी चालत नाहीत, आणि त्यात मिसळायचेही नाहीत.

घरची तयारी. ही कुणी सांगत नाही. सोसायटीत पाणी ठरावीक वेळी येत असेल तर बादल्या आणि पिंप भरून ठेवा. चाळीतला सामाईक संडास असेल तर त्या रात्री फ्लॅट असलेल्या नातेवाइकाकडे राहा. गावाहून येणाऱ्यांनी पहिला हप्ता घेऊन एसटीत बसू नये, आदल्या दुपारीच शहरात मुक्कामी पोचावं. वारंवार धुण्याने त्वचा सोलवटते, म्हणून सुरुवातीलाच गुदद्वाराभोवती खोबरेल तेल लावा. म्हातारं माणूस असेल तर मोरीचा दिवा रात्रभर चालू ठेवा आणि कुणीतरी जागं राहा. जुलाबाने चक्कर येऊन पडणं हा खरा धोका आहे.

शेवटची खूण: शेवटच्या दोन वेळी जे पडतं ते लघवीसारखं पिवळसर आणि निवळ हवं. गढूळ, तपकिरी किंवा कण असलेलं असेल तर निघण्याआधी फोन करून सांगा. अजून औषध देता येतं किंवा वेळ पुढे नेता येते. ‘चालून जाईल’ म्हणत टेबलावर झोपलात तर मेहनत फुकट.

## टप्पा 7: तपासणीच्या दिवशी

बीपीची गोळी डॉक्टरांनी सांगितली असेल तर एका घोटाबरोबर सकाळी लवकर घ्या. दागिने घरी ठेवा. जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी न्या. सोबतचा माणूस तपासणी संपेपर्यंत तिथेच हवा. झोपेचं इंजेक्शन दिल्यावर एकट्याला रिक्षात बसवून कुणी पाठवत नाही, आणि 24 तास गाडी चालवणं, महत्त्वाच्या कागदावर सही करणं बंद.

तपासणीला साधारण अर्धा तास लागतो. बहुतेकांना त्यातलं काही आठवत नाही. नंतर पोटात गॅस कळवळतो, चाललं की सरतो.

पॉलिप काढला किंवा तुकडा घेतला असेल तर निघताना विचारा: बायोप्सीला कुठे पाठवलाय, रिपोर्ट कधी, आणायला कुणी यायचं? पावती जपून ठेवा.

इशारा: घरी गेल्यावर पोटात वाढत जाणारं तीव्र दुखणं, ताप किंवा गुठळ्यांसह रक्त दिसलं तर त्याच रुग्णालयात परत जा. पॉलिप काढल्यानंतरचा रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंतही होऊ शकतो, त्यामुळे त्या काळात लांबचा प्रवास आखू नका.

## टप्पा 8: रिपोर्टमध्ये काय पाहायचं

‘नॉर्मल’ या शब्दाआधी दोन ओळी शोधा.

एक, कॅमेरा सीकमपर्यंत पोचला का? सीकम म्हणजे मोठ्या आतड्याची उजवीकडची सुरुवात. तिथला अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो असला तर उत्तम. ‘सिग्मॉइडपर्यंत’ किंवा ‘स्प्लेनिक फ्लेक्चरपर्यंत’ (दोन्ही जागा डाव्या बाजूच्या) असं लिहिलं असेल तर निम्म्याहून अधिक आतडं पाहिलेलंच नाही.

दोन, सफाई कशी होती? बोस्टन गुण लिहिलेले असतील तर तीन भागांना प्रत्येकी 0 ते 3 असे एकूण 9 पैकी असतात. प्रत्येक भागाला किमान 2 हवेत. ‘पुअर प्रिपरेशन’ असेल तर त्या नॉर्मलला अर्थ नाही, तपासणी पुन्हा करावी लागते.

बायोप्सीत ‘हायपरप्लास्टिक’ शब्द असेल तर बहुतेकदा काळजीचं कारण नसतं. ‘अडिनोमा’ म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकला असता असा पॉलिप. तो पूर्ण निघाला असेल तर धोका टळला, पण परत यायची तारीख ठरते: एक-दोन लहान असतील तर सहसा 7 ते 10 वर्षांनी, 10 मिलिमीटर किंवा मोठा असेल तर 3 वर्षांनी. ही तारीख फाइलवर ठळक लिहून घ्या. काहीच न सापडलेल्या, सर्वसाधारण जोखमीच्या माणसाला 10 वर्षं पुन्हा कोलोनोस्कोपी नको.

‘अडिनोकार्सिनोमा’ म्हणजे कर्करोग. इथे घाईत एक चूक होते. गाठ गुदाशयात असेल तर ऑपरेशनआधी ओटीपोटाचा एमआरआय व्हायलाच हवा, कारण बऱ्याच रुग्णांत आधी रेडिएशन आणि केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करतात. ‘उद्या जागा आहे, परवा ऑपरेशन’ असं कुणी म्हटलं आणि एमआरआय झालेला नसेल, तर दुसरं मत घ्या. आठवडाभराने बिघडत नाही. छाती-पोटाचा सीटी स्कॅन आणि सीईए आता करायचं. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जाणार असाल तर बायोप्सीची काच आणि मेणाचा ठोकळा दोन्ही मागून घ्या, नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात. ती रोकडरहित आहे, म्हणून पैसे भरून दाखल होण्याआधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालतं का ते बघा.

## टप्पा 9: भावंडांना आणि मुलांना कळवणं

कर्करोग निघाला की आपल्याकडे नातेवाइकांपासून लपवायची पद्धत आहे, विशेषतः लग्नाची मुलं घरात असतील तर. गावभर सांगायची गरज नाही. पण सख्ख्या भावंडांना आणि मुलांना निदान झालं ते वय सांगावंच लागतं, कारण त्यांच्या तपासणीची तारीख त्याच आकड्यावरून ठरते.

बायोप्सीवर एमएमआर तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. तिच्यातून लिंच सिंड्रोमचा संशय आला तर रक्ताची जनुकीय तपासणी आधी रुग्णाची करतात आणि दोष सापडला तरच घरच्यांची. उलट क्रमाने केलं तर निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ लागत नाही. ज्यांच्यात दोष नाही त्यांची जास्तीच्या कोलोनोस्कोपीतून सुटका होते. ज्यांच्यात आहे त्यांनी वयाची चाळिशी गाठायची वाट न पाहता टप्पा 4 वर यावं.